पांढरी रेघ

आमच्या गॅरेजमध्ये दोन मिस्त्री आणि एक टपाल खातं आहे. टपाल खातं म्हणजे मी. थोरला मिस्त्री माझा नवरा, धाकटा माझा दीर. सख्खे भाऊ. एकाच छपराखाली काम करतात, एकाच फळीवरचे पाने वापरतात, आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. या प्रकाराला दोन वर्षं होत आली होती.

कारण ऐकाल तर हसाल. भाऊजींनी एका गाडीचा गिअरबॉक्स जोडून बंद केला होता. हे आले, गिऱ्हाईक समोर उभं असताना त्यांनी तो पुन्हा उघडला आणि आत डोकावून बघितलं. आत सगळं जिथल्या तिथे होतं. तेच वाईट झालं. चूक सापडली असती तर दोघं तासभर भांडले असते आणि रात्री एका ताटलीतून लोणचं घेऊन जेवले असते. काहीच सापडलं नाही, म्हणून नुसता संशय शिल्लक राहिला. भाऊजी म्हणाले, "मी बंद केलेलं यापुढे कुणी उघडायचं नाही." हे म्हणाले, "मग माझंही कुणी उघडू नये." झाला कायदा. तेव्हापासून एकाने झाकण लावलं की दुसरा त्या झाकणाकडे बघतसुद्धा नसे.

आता न बोलता गॅरेज चालवायचं म्हणजे खुणा लागतात. बोल्ट नुसता बसवून हाताने आवळला असेल तर त्याच्या डोक्यावर पिवळी रेघ. टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने, शेवटचा कसला असेल तर पांढरी. रेघा मारायला नेलपॉलिश. पांढरी बाटली माझी, पिवळी माझ्या लेकीची. तिने कुठल्याशा लहरीत विकत घेतली, एकदा लावली आणि "शी" म्हणून गॅरेजला दान केली. रेघांनी भागत नसेल तिथे मी. "त्याला सांग..." असं हे म्हणायचे. भाऊजी हाताच्या अंतरावर उभे असायचे, त्यांना ऐकूही गेलेलं असायचं, तरी मी ते पुन्हा म्हणायचं. मग त्यांनी उत्तर मला द्यायचं आणि ते मी ह्यांना ऐकवायचं.

लेक घरात बबडी आणि बाहेर सिस्टर. आरोग्य केंद्रात नर्स आहे. केंद्राची एक उंच, चारही चाकांनी ओढणारी गाडी आहे, ती घाटाच्या वरच्या वस्त्यांवर जाते. ड्रायव्हरची जागा कधीची रिकामी, म्हणून गाडीही तीच चालवते. मागच्या फेरीत चिखलात गाडी तिरकी झाली, मागचं एक चाक हवेत लोंबकळलं आणि पेशंट आत असताना बबडी अर्धा दिवस तिथेच अडकली. मागच्या दोन चाकांच्या मध्ये, एक्सलच्या मधल्या फुगीर भागात दातेरी चक्रांचं एक प्रकरण असतं, डिफरेन्शियल म्हणतात त्याला. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरता यावं म्हणून ते असतं. पण त्याला एक खोड आहे. जे चाक मोकळं फिरतंय त्याच्याकडेच ते वळतं, आणि जमिनीवर टेकलेलं चाक बिचारं ढिम्म उभं राहतं. यावर उपाय म्हणजे लॉकर. बटण दाबलं की हवेच्या दाबाने दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात, एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं.

हे सगळं ऐकून बबडी म्हणाली होती, "काका, असला एक जास्तीचा मागव. तुला आणि बाबांना बसवू." दोघांनी ऐकलं न ऐकलंसं करून माना खाली घातल्या.

लॉकर आला, आणि केंद्राने गाडी एका दिवसासाठी आमच्याकडे सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बबडीला वर जायचंच होतं. वरच्या वस्तीत एक बाई दिवस भरत आलेली होती, पोटात जुळं, तिला खालच्या मोठ्या दवाखान्यात आणायचं होतं. म्हणजे काम त्याच दिवशी पुरं व्हायला हवं होतं.

आणि नेमकी त्याच दिवशी मी संपावर गेले. निमित्त अगदी फालतू. हे गाडीच्या डाव्या चाकाशी, भाऊजी उजव्या चाकाशी, दोघं आपापल्या बाजूचा एक्सल बाहेर ओढत होते, आणि हे मला म्हणाले, "त्याला सांग, शीळ वाजवू नको म्हणावं." मी हातातली चहाची किटली खाली ठेवली.

"तुमच्या दोघांच्या मध्ये एक एक्सल आहे," मी म्हणाले, "समुद्र नाही. आजपासून टपाल बंद."

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू भांडण मीच सुरू केलं होतं. शीळ मात्र थांबली.

जुनं डिफरेन्शियल बाहेर आलं. त्याच्यावरचं मोठं दातेरी चक्र, क्राऊन, काढून नव्या लॉकरवर चढवायचं होतं. ते दहा बोल्टांवर बसतं. आमच्याकडची पद्धत अशी की आधी हे बोल्ट नुसते आवळायचे आणि सगळा गोळा आत बसवून बघायचा. क्राऊन आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन यांच्या दात्यांमध्ये केसभर फट लागते. जास्त झाली तरी वाईट, कमी झाली तरी वाईट. ती जमेपर्यंत बाजूला पातळ चकत्या घालत-काढत गोळा पुन्हा पुन्हा आतबाहेर करावा लागतो. फट जमली की गोळा शेवटचा एकदा बाहेर काढायचा, एकेक बोल्ट काढून त्याला लाल औषध लावायचं, म्हणजे तो धक्क्यांनी सुटत नाही, आणि टॉर्क पान्याने कसायचा. चकत्यांचं काम ह्यांचं, बोल्टांचं भाऊजींचं.

दुपारी मी फळीवरचे पाने पुसत होते. भाऊजी बोल्ट बसवून माझ्यापाशी आले.

"वहिनी, दादाला सांगा, पिवळं..."

"मी संपावर आहे."

"अहो, एवढंच सांगायचं..."

"तोंड आहे ना तुम्हाला? तिथे उभे आहेत ते. सांगा जाऊन."

ते जरा वेळ घुटमळले. ह्यांच्या पाठीकडे बघितलं. मग खांदे उडवले, स्कूटर काढली आणि हवेच्या नळीचा जोड आणायला गेले, कारण लॉकरबरोबर आलेला जोड आमच्या नळीला बसत नव्हता.

ते गेल्यावर ह्यांनी गोळा आत बसवला. फट मोजणारं डायल लावून काटा बघितला. पुन्हा बघितला. मग दात्यांना निळी पेस्ट फासून चक्र फिरवलं.

"अगं, इकडे ये. हे बघ."

मी गेले. निळ्या पेस्टमध्ये दात्यांचा ठसा अगदी मध्यावर उमटला होता, म्हणजे फट बरोबर जमली होती.

"पहिल्याच फटक्यात," हे म्हणाले. "असं कधी होतं का? कधीच होत नाही." खूप दिवसांनी मी त्यांना कामात हसताना बघितलं. ठसा मी पाहिला, आणि बोल्टांच्या डोक्यांवरच्या पांढऱ्या रेघाही पाहिल्या. त्यांनीही पाहिल्या. "ह्याने आधीच कसून ठेवलेत वाटतं. घाई आहे म्हणून असेल." एरवी ते मला म्हणाले असते, आला की विचार त्याला. त्या दिवशी तोंड उघडलं, माझा चेहरा बघितला आणि मिटलं. मग झाकण लावलं आणि तेल भरलं.

भाऊजी आले तेव्हा झाकण बंद होतं. त्यांनी झाकणाकडे बघितलं, साबणाने हात धुणाऱ्या भावाकडे बघितलं, आणि काही न बोलता नळी जोडायला बसले. बटण दाबून पाहिलं. फुस्स झालं, आतून खट् असा आवाज आला, दोन्ही चाकं एकत्र फिरली. संध्याकाळी बबडीने गाडी आवारात फिरवून बघितली. कसलाही आवाज नव्हता. ती खूश होऊन दोघांच्या पाठीवर एकेक थाप मारून गेली.

सकाळी उजाडताच ती निघाली. चहा घेऊन मी गॅरेज झाडायला लागले. कचऱ्याचा डबा उलटा केला तेव्हा पिवळ्या नेलपॉलिशची बाटली घरंगळत बाहेर आली. उचलली तर आतलं सगळं वाळून दगड झालेलं, ब्रश त्यातच रुतून बसलेला.

वहिनी, दादाला सांगा, पिवळं...

ते वाक्य माझ्या डोक्यात आपोआप पुरं झालं. केरसुणी तिथेच टाकून मी भाऊजींकडे गेले. ते एका टेम्पोखाली झोपले होते, नुसते पाय दिसत होते.

"भाऊजी, काल क्राऊनचे बोल्ट कुणी कसले?"

"दादाने." आवाज टेम्पोखालून आला. "मी नव्हतो तेव्हा."

"तुम्ही नाही कसले?"

"मी नुसते आवळून ठेवले होते. पिवळं वाळलं होतं ना, म्हणून तेवढ्यापुरतं पांढरं मारलं. म्हटलं, चकत्यांसाठी चार वेळा बाहेर येईलच, तेव्हा मीच..." बोलता बोलता ते थांबले. पाय हलायचे थांबले. मग ते सरपटत बाहेर आले आणि माझ्या हातातली बाटली बघितली.

मी मागे वळले. हे दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता ते सरळ भावाकडे बघत होते.

"तू कसले नाहीस?"

"नाही. तू बाहेर काढून कसले नाहीस?"

"पहिल्याच फटक्यात जमलं," हे म्हणाले. "बाहेर काढलंच नाही."

"औषध?"

"नाही."

दोन वर्षांनी भाऊ भावाशी बोलला तो असा. मी बबडीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. घाट सुरू झाला की फोन लागत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी लावत राहिले.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. भाऊजींनी पाने, टॉर्क पाना, जॅक, बादली, लाल औषध आणि तेलाचा कॅन उचलला. ह्यांनी जुन्या बोल्टांचा डबा घेतला. आमची जुनी जीप, पुढे एकच लांब सीट. हे चालवायला, भाऊजी खिडकीशी, मध्ये मी, नेहमीसारखी. निघताना फळीवरची पांढरी बाटली मी कधी उचलली ते मला आठवत नाही, पण ती माझ्या मुठीत होती.

घाटाच्या पायथ्याशी भाऊजींचा फोन वाजला. फोन नव्हता, बबडीचा आवाजातला निरोप होता, तिने इथूनच पाठवलेला आणि आत्ता येऊन पोचलेला. त्यांनी तो मोठ्याने लावला.

"काका, मागून बारीक टिकटिक येतेय. हळू चालवलं की हळू, जोरात चालवलं की जोरात. नवीन आहे म्हणून असेल ना? बाबांना विचार. म्हणजे, आईला सांग बाबांना विचारायला. मी जाते पुढे, उशीर होतोय."

ह्यांनी गिअर बदलला आणि जीप चढाला लागली.

"बोल्टाचं डोकं घासतंय," भाऊजी म्हणाले.

"आतल्या भिंतीला. एखादंच असेल."

"चढताना बोल्ट तग धरतील. जोर एकाच बाजूने असतो."

"उतरताना नाही."

"उतरताना इंजिन मागे खेचणार. जोर उलटा फिरणार. आणि ती प्रत्येक वळणावर ब्रेक, पुन्हा ॲक्सिलरेटर, पुन्हा ब्रेक..."

"मग काय होईल?" मी विचारलं.

भाऊजींनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"मला सांगा," मी म्हणाले. "दोन वर्षं तुमचं फुटकळ सगळं माझ्या तोंडून गेलं. आता हेच तेवढं मला सांगणार नाही?"

भाऊजींनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. "एक बोल्ट पुरता बाहेर आला की क्राऊन आणि भिंतीच्या मध्ये अडकेल. मागची चाकं जागच्या जागी थांबतील."

"उतारावर," मी म्हणाले.

"वळणावर," हे म्हणाले.

रस्ता एका गाडीपुरता. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला काही नाही. कठडे असावेत अशी जागा होती, कठडे नव्हते. ओल्या मातीत बबडीच्या टायरांच्या खुणा वर गेलेल्या दिसत होत्या. एका ठिकाणी चिखलात दोन्ही खुणा सारख्याच खोल होत्या, म्हणजे तिने लॉकर लावला होता आणि त्याने आपलं काम चोख केलं होतं. प्रत्येक वळणावर मी खाली दरीत बघत होते. बघायचं नाही असं ठरवायची आणि पुन्हा बघायची. मी घाबरले होते. त्याच वेळी रागही आला होता. ह्या दोघांचा राग, आणि दिलेला निरोप अर्धा ऐकून परत पाठवणाऱ्या माझ्या संपाचाही.

"मी पुन्हा बघायला हवं होतं," भाऊजी पुटपुटले. "झाकण बंद दिसलं आणि... नुसतं विचारलं असतं तरी..."

"आता गप. रस्ता बघ."

"गाडी तू चालवतोयस, दादा. रस्ता तू बघ."

"मी बघतोय. तू वर बघ, दिसते का ती."

"दिसली तर सांगेनच ना. मी काय झोपलोय?"

एरवी मी मध्ये पडले असते. त्या दिवशी पडले नाही. त्यांचं भांडण माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं आणि मी मुठीतली बाटली आवळत बसले होते.

अर्ध्याहून जास्त घाट चढल्यावर भाऊजी एकदम पुढे वाकले. "ती बघ."

वर, दोन वळणांपलीकडे, पांढरी गाडी दिसली. खाली येत होती. म्हणजे पेशंटला घेऊन ती निघालीसुद्धा होती. लांबून सगळं ठीक दिसत होतं. गाडी सावकाश, जपून उतरत होती, आणि तिच्या जपून उतरण्याचाच मला धसका बसला, कारण जपून म्हणजे जास्त ब्रेक.

ह्यांचा हात हॉर्नवर गेला. भाऊजींनी तो धरला.

"नको. दचकून करकचून ब्रेक मारेल."

"मग थांबवू कशी?"

"पुढच्या वळणाच्या अलीकडे डोंगराला खाच आहे ना? दिवे लाव आणि तसाच चढत राहा. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते. ती खाचेत घेईल."

"आणि नाही घेतली तर?"

"घेईल. मी शिकवलंय तिला."

"मी शिकवलंय," हे म्हणाले, आणि दिवे लावले.

आम्ही चढत राहिलो, एका लयीत, न थांबता, जणू आम्हाला वर कुठेतरी जायची घाई आहे. वळणाआड ती दिसेनाशी झाली. मग नुसता आवाज येऊ लागला. आधी इंजिनाचा. मग त्याच्या खालून दुसरा. निरोपातली टिकटिक आता टिकटिक राहिली नव्हती. खर्र, खर्र, असं काहीतरी लोखंडाला खात होतं. भाऊजींनी माझा हात धरला, की मी त्यांचा, कोण जाणे.

पांढरं नाक वळणावर आलं. बबडीने दिवे बघितले. क्षणभर तिची गाडी सरळ आमच्यावर येत राहिली. मग तिने वेग कमी केला, हळूच डोंगराच्या बाजूला घेतलं, आणि गाडी खाचेत शिरून थांबली. खरखर थांबली. ह्यांनी हॅण्डब्रेक ओढला, पण त्यांचे हात स्टिअरिंगवरून निघेनात.

बबडीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आधी बापाकडे, मग काकाकडे, मग मध्ये बसलेल्या माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही तिघं? एका गाडीत?" ती म्हणाली. "कोण गेलं?"

"कुणी गेलेलं नाही," मी म्हणाले. "इंजिन बंद कर आणि खाली उतर."

माझा आवाज ऐकून ती काही न विचारता उतरली. मागे ती बाई आडवी पडली होती, घामाने भिजलेली, आणि तिची सासू तिचा हात धरून बसली होती. सासूने विचारलं, गाडी बिघडली का. खोटं बोलणं सोपं होतं. हे म्हणाले, "बिघडू शकते, आमच्या चुकीमुळे. तुम्ही आमच्या जीपने जा." मग बबडीला म्हणाले, "तू चालव. सावकाश जा. ही जीप मी रोज तपासतो." भाऊजींनी अवजारं उतरवून जीप पुढेमागे करत त्या अरुंद जागेत वळवून दिली. आम्ही दोघींनी त्या बाईला अलगद धरून जीपच्या मागच्या गादीवर निजवलं. जाताना बबडीने मला विचारलं, "नक्की काय झालंय?" मी म्हणाले, "घरी सांगते." ती गेली. जीपचा आवाज वळणांमागे विरेपर्यंत आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो.

मग पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकवर घेतली. भाऊजी पाना घेऊन गाडीखाली सरकले आणि थांबले. झाकण ह्यांनी बंद केलेलं होतं.

"उघड," हे म्हणाले.

तेल बादलीत आलं. त्यात बारीक चमक होती, लोखंडाचा भुगा. झाकण निघालं. भाऊजींनी चक्र हाताने थोडं फिरवलं. आणखी थोडं. आणि थबकले. मी वाकून बघितलं. एक बोल्ट इतरांपेक्षा बाहेर आला होता. त्याचं डोकं एका बाजूने घासून चकचकीत झालं होतं, तिथली पांढरी रेघ अर्धी राहिली होती. भाऊजींनी त्याला पाना लावला नाही. दोन बोटांनी धरला आणि फिरवला. शेवटचे काही आटे होते तेवढे सुटले आणि बोल्ट त्यांच्या हातात आला. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. तो अजून गरम होता.

"अजून दोन वळणं," हे म्हणाले. "फार तर तीन."

भाऊजी बाहेर आले आणि रस्त्यावर बसले. पाना उचलायला गेले, तो निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. हे त्यांच्यासमोर उकिडवे बसले. खिशातलं फडकं काढलं, भावाचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि तेलाने माखलेलं एकेक बोट पुसायला लागले. लहानपणी असेच पुसत असणार. भाऊजी रडत होते, ह्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि मी डोंगराकडे तोंड करून उभी राहिले, कारण मी तर त्यांच्याआधीच सुरुवात केली होती.

"तू शीळ वाजवतोस ना," हे म्हणाले, "ती मला खटकत नाही. मी उगाच बोललो."

"मला माहितेय," भाऊजी म्हणाले.

मग दोघं गाडीखाली गेले. हे चक्र फिरवून धरत, भाऊजी एक बोल्ट काढत, पेट्रोलच्या बोळ्याने पुसत, लाल औषध लावत, पुन्हा बसवत. टॉर्क पाना कट् असा वाजला की पुढचा. घासलेल्या बोल्टाच्या जागी ह्यांच्या डब्यातला त्याच मापाचा जुना पण धड बोल्ट गेला. दहा वेळा कट् वाजलं. मग भाऊजींचा हात गाडीखालून बाहेर आला.

"वहिनी, पांढरी आहे का हो?"

मी मूठ उघडली. बाटलीच्या टोपणाचा वळ तळहातावर उमटला होता. त्यांनी बाटली घेतली, टोपण उघडलं, ब्रश बाहेर काढला आणि पहिल्या बोल्टापाशी नेऊन थांबले.

"दादा," ते म्हणाले, "आधी तू बघ."

ह्यांनी पाना हातात घेतला. पहिल्या बोल्टाला लावला, कट्. दुसऱ्याला, कट्. एकही न सोडता सगळे तपासले, आणि भाऊजी शेजारी पडून प्रत्येक आवाज ऐकत होते.

"आता मार," हे म्हणाले.

झाकण लावून, नवं तेल भरून आम्ही गाडी खाली आणली. कुठलाही आवाज नव्हता, तरी दोघं पूर्ण रस्ताभर कान लावून होते. पायथ्याशी येताच बबडीचा फोन आला, की वेळेत पोचले, दोन मुली झाल्या, एक रडतेय आणि एक ढाराढूर झोपलीय.

संध्याकाळी ती गॅरेजमध्ये आली. "आता सांगा, टिकटिक कशाची होती?"

मी तोंड उघडणार होते. हेच बोलले. पिवळी बाटली, पांढरी रेघ, पहिल्याच फटक्यात जमलेली फट, बंद झाकण, सगळं त्यांनी लेकीला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि जिथे ते अडले तिथे पुढचं भाऊजींनी सांगितलं. मी घासलेला बोल्ट तिच्या हातात दिला. ती बराच वेळ तो फिरवून बघत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"हा टाकू नकोस, आई," एवढंच ती म्हणाली.

मी टाकला नाही. कामाच्या टेबलाच्या वर भिंतीत एक खिळा आहे, त्याला तारेने टांगला. आता रेघा फक्त पांढऱ्या, आणि त्या मारायच्या आधी दुसऱ्याला दाखवायच्या. भांडणं अजून होतात. पूर्वीपेक्षा जास्तच होतात, कारण आता ती तोंडाने होतात.

परवा कुठल्याशा ब्रेकवरून दोघांची चांगलीच जुंपली. भाऊजी तणतणत मागच्या आवारात निघून गेले. हे चाकाशी बसून होते, तोंड फुगवून. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला सांग..."

मी खिळ्यावरून बोल्ट काढला आणि त्यांच्या समोर फरशीवर ठेवला.

त्यांनी तो बघितला. हात पुसले. मग मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "धाकट्या, इकडे ये रे. हे मी बंद करतोय. आधी बघून घे."